‘त्याला सांगू नका’ : कॅन्सर झालेल्या किशोरवयीन मुलांच्या आईबाबांना आधार द्यायचा म्हणजे काय करायचं?

गाडीतून उतरल्याउतरल्या ताईनं मला बाजूला ओढलं. भाचा पलीकडे बॅगा मोजत उभा होता, एक पाय जरा आखडून. "त्याला आम्ही गाठ आहे एवढंच सांगितलंय," ती म्हणाली. "तो शब्द त्याच्यासमोर काढू नकोस. तुझ्या घरच्यांनाही सांगून ठेव."

त्याच रात्री डोंबिवलीला, सगळे झोपल्यावर, तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला. पंधरा वर्षांचा, दहावीतला मुलगा. मी ओटा पुसत होते. "मावशी, बायोप्सीचा रिपोर्ट मी वाचलाय. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर. मोबाइलवर सगळं बघितलं. पण आईला सांगू नकोस हं, ती खचेल."

पुढचे अकरा दिवस मी त्या दोघांच्या मधे बसून होते. आई मुलाला जपत होती, मुलगा आईला जपत होता, आणि दोघंही एकेकटे रडत होते. ती न्हाणीघरात, तो पांघरुणात. ही गोष्ट लिहायला दोघांचीही परवानगी आहे, म्हणून लिहिते आहे.

मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाई १९७० च्या दशकात ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांच्या वॉर्डात महिनोन्‌महिने बसल्या. ती मुलं अगदी लहान होती, बरीचशी शाळेत नुकती जायला लागलेली. त्यांना आजाराबद्दल कुणीही काही सांगितलेलं नव्हतं. तरी त्यांना सगळं कळलेलं होतं. मोठ्यांचे चेहरे, बंद दारामागची कुजबुज, शेजारच्या खाटेवरचं मूल अचानक दिसेनासं होणं, यावरून ती ताडत होती. आणि आपल्याला कळलंय हे आईबाबांना कळू नये म्हणून काळजीही घेत होती. दोन्हीकडून सोंग, दोन्हीकडून मायेपोटी. पाच-सहा वर्षांच्या पोराला कळतं, तर हातात मोबाइल असलेल्या, रुग्णालयाच्या दारावरची पाटी वाचता येणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला कळणार नाही असं आपण का धरून चालतो?

कारण आपल्याला ते सांगण्याचं बळ नसतं. त्यात आईबाबांचा दोष नाही. ते बळ त्यांना कुणीतरी द्यावं लागतं. आधार म्हणजे तेच, असं आता मला वाटतं, आणि या लेखात तेच नीट उलगडून सांगायचा प्रयत्न आहे.

आईबाबांच्या मनात नेमकं काय होतं

निदान झालं त्या दिवशी डॉक्टर बराच वेळ बोलले. कागदावर गुडघ्याचं चित्र काढून दाखवलं, औषधांची नावं सांगितली, क्रम सांगितला. बाहेर आल्यावर ताईला फक्त "कॅन्सर" आठवत होतं. भाऊजींना खर्चाचा आकडा आठवत होता, तोही चुकीचा.

याला बावळटपणा म्हणू नये. जिवावर बेतलं असं वाटलं की शरीर सगळी ताकद धोक्याकडे लावतं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, आणि त्या घडीला कानावर पडणारं पुढचं सगळं मेंदू धड साठवत नाही. म्हणून पहिल्या आधाराचं काम अगदी साधं असतं: आईबाबांसोबत आत तिसरं कुणीतरी जावं, ज्याचं काम फक्त लिहून घेणं. काका, आत्या, शेजारचा शिकलेला मुलगा, कुणीही. दोनशे पानी वही घ्यावी. डॉक्टरांना विचारून बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं तरी चालतं, बरेच डॉक्टर नाही म्हणत नाहीत. आणि तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला लाजू नये.

हा पहिला धक्का ओसरला तरी काही आईबाबांच्या मनात तो घर करून राहतो. स्पिरिटचा वास आला की पोटात गोळा येतो. रात्री मुलाच्या कपाळाला हात लावून लावून झोप उडते. ज्या खोलीत निदान सांगितलं तिकडच्या जिन्यानं जायला पाय उचलत नाही. मानसशास्त्रात याला आघातानंतरच्या ताणाची लक्षणं म्हणतात, भूकंपातून किंवा अपघातातून वाचलेल्यांमध्ये दिसतात तशीच. मुलांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संशोधकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: ही लक्षणं खुद्द आजारी मुलापेक्षा त्याच्या आईबाबांमध्ये जास्त आढळतात. मुलगा सुई सोसतो. आई सुई टोचलेली बघते, तिथं त्याचा हात धरून ठेवते, आणि त्याआधी संमतीच्या कागदावर सही तिनंच केलेली असते.

मग अपराधीपणा. ऑस्टिओसार्कोमा हा हाडांचा कॅन्सर ऐन वाढीच्या वयात, बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास होतो. त्या वयातली मुलं खेळत असतात, पडत असतात. त्यामुळे दुखणं खेळताना लागल्याचं समजून आठवडेच्या आठवडे तेलमालीश आणि क्रेप बँडेजमध्ये जातात. आमच्याकडेही गेले. ताई महिनोन्‌महिने एकच वाक्य म्हणत राहिली, "मी तेव्हाच एक्स-रे काढायला हवा होता." कुणी तिला सांगितलं की गरोदरपणात ग्रहण पाळलं नसेल. कुणी पत्रिका मागितली.

इथं स्पष्ट बोलायला हवं. मुलांमधल्या बहुतेक कॅन्सरचं कारण सापडत नाही. सुमारे १० टक्के मुलांमध्ये आनुवंशिक कल असतो. खेळताना लागल्यानं हाडाचा कॅन्सर होत नाही. लागल्यामुळे आधीच असलेल्या गाठीकडे लक्ष जातं, इतकंच. आईनं काय खाल्लं, कोणतं व्रत मोडलं, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून आईबाबांनी एकदा ऐकणं फार गरजेचं असतं. डॉक्टर आपणहून म्हणाले नाहीत तर सोबतच्या माणसानं विचारावं, "यांच्यामुळे झालंय का हे?" आणि ग्रहणवाल्या पाहुण्यांना दारातच थांबवणं हे काम नातेवाइकांचं आहे. आईच्या अंगात तेव्हा भांडायची ताकद नसते.

वय मधलं असतं, म्हणून अवघड

चार वर्षांचं मूल आजारी पडलं तर आई त्याला कडेवर घेते. चाळिशीतला माणूस आजारी पडला तर तो स्वतः ठरवतो. पंधरा वर्षांचा मुलगा या दोन्हीच्या मधे असतो. नुकतीच मिसरूड फुटली आहे, नुकतीच खोलीची कडी लावायला सुरुवात झाली आहे, आणि अचानक आईनं आंघोळ घालायची वेळ येते. मुलींचं तर आणखी नाजूक: केस गेलेले, पाळी पुढेमागे झालेली, आणि तपासायला रोज नवे डॉक्टर. मूल चिडतं, तोडून बोलतं, भिंतीकडे तोंड करून पडून राहतं. आणि ज्या आईनं नोकरी सोडली, दागिने मोडले, तिला वाटतं, हा माझ्यावरच का ओरडतो?

ओरडायला त्याला दुसरं सुरक्षित माणूस नसतं. शिवाय कधी कधी तो राग औषधाचाही असतो. ल्युकेमियाच्या उपचारात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स देतात. त्यांनी भूक खवळते, झोप जाते, मूल क्षणात रडतं, क्षणात चवताळतं. हे आईबाबांना आधी सांगून ठेवलेलं असलं तर निम्मं दुखणं कमी होतं. "हे आठ दिवस औषध बोलतंय" असं एकमेकांना म्हणता येतं.

ल्युकेमियाचाच आणखी एक पेच. त्याचा उपचार दोन ते तीन वर्षं चालतो आणि त्यातला शेवटचा, सगळ्यांत लांब टप्पा घरी गोळ्या घेण्याचा असतो. मूल तब्येतीनं टवटवीत दिसतं, केस परत येतात, शाळा सुरू होते, आणि गोळ्या चुकायला लागतात. या गोळ्या वारंवार चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. मग आईचं पोलिसात रूपांतर होतं आणि घरात रोज रात्री कटकट. यावर जे बऱ्यापैकी चालतं ते असं: गोळी का घ्यायची हे डॉक्टरांनी थेट मुलाला सांगावं, आईमार्फत नव्हे. अलार्म मुलानं स्वतःच्या मोबाइलवर लावावा. आणि गिळताना घरातल्या एका माणसानं बघायचं, हे सगळ्यांनी मिळून आधीच ठरवावं. म्हणजे बघणं हा अविश्वास राहत नाही, तो कराराचा भाग होतो.

लहानसहान गोष्टींत मुलाला निवड दिली की आईबाबांचंही ओझं हलकं होतं. सुई कोणत्या हाताला, भेटायला कोण येणार आणि कोण नाही, केस गळायची वाट बघायची की आधीच काढून टाकायचे. भाच्यानं केस आधीच काढले. न्हाव्याकडे भाऊजीही सोबत बसले आणि दोघं तुळतुळीत डोक्यानं घरी आले. ताई त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसली.

एका विषयाची तर आपल्या घरांत भाषाच नाही. काही किमो औषधांमुळे आणि किरणोपचारांमुळे पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. वयात आलेल्या मुलाचं वीर्य किमो सुरू होण्याआधी गोठवून ठेवता येतं. मुलींसाठीही काही पर्याय असतात, पण त्यांना वेळ आणि तयारी जास्त लागते. हा प्रश्न अगदी पहिल्या आठवड्यात समोर येतो, जेव्हा आईबाबांना मूल जगेल का एवढीच चिंता असते. ते म्हणतात, "आत्ता हे कसलं बोलताय?" बाप खाली बघतो, आई उठून जाते. इथं आईबाबांनी स्वतः बोलायलाच हवं असं नाही. डॉक्टरांना सांगावं, "तुम्ही त्याच्याशी एकट्याशी बोला, आम्ही बाहेर थांबतो." खरं तर या वयाच्या प्रत्येक मुलाला डॉक्टरांसोबत थोडा एकट्याचा वेळ मिळाला पाहिजे, दर खेपेला. अठरा वर्षांखालच्या मुलाची कायद्यानं संमती आईबाबा देतात, पण मुलाचा होकार घेणं हा चांगल्या उपचाराचा भाग आहे.

गावाकडे राहिलेला बाप, आजीकडे ठेवलेली बहीण

कॅन्सर घराचे दोन तुकडे करतो. आई मुलासोबत मुंबईत, बाप गावाकडे, कारण दुकान बंद ठेवलं तर पैसे कुठून येणार. धाकटी मुलगी आजीकडे. भाऊजी रोज तीनदा फोन करायचे आणि तिन्ही वेळा एकच विचारायचे, "काउंट किती आला?" काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या. ताईला वाटायचं, याला माझी काही पडलेलीच नाही. भाऊजी मला एकदा म्हणाले, "दुसरं काय विचारू, तेच कळत नाही." बापमाणसं दुःखाची धावपळ करतात. बिलं, रक्तदाते, योजनेचे कागद. ती धावपळ म्हणजेच त्यांचं रडणं असतं, पण बायकोला ते दिसत नाही आणि आपलं रडणं नवऱ्याला ऐकवायची तिला चोरी वाटते. याचं कोणतंही जादूचं उत्तर मला माहीत नाही. आमच्याकडे उपयोगी पडलं ते एवढंच: दिवसातला एक फोन आजाराबद्दल बोलायचा नाही, असं दोघांनी ठरवलं. पहिले चार दिवस दोघंही गप्प बसून राहिले. पाचव्या दिवशी भाऊजींनी विचारलं, तुझी पाठ कशी आहे.

धाकट्या भावंडाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते नेहमीच शेवटी राहतं. त्यालाही खरं सांगावं, आणि हा आजार शिवल्यानं लागत नाही हे मुद्दाम सांगावं. आठवड्यातून एकदा आईचा फोन फक्त त्याच्यासाठी असावा.

पैशांचं आणि मनाचं दुःख वेगळं करता येत नाही, म्हणून हेही इथंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. रेल्वेत उपचारांसाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत असते आणि सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळची नाना पालकर स्मृती समिती आहे, २००६ साली सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स आहेत, जिथं लहान रुग्णांची कुटुंबं विनामूल्य राहतात. या ठिकाणांचा सगळ्यांत मोठा उपयोग छपराचा नाही, असं तिथं राहिलेल्या आया सांगतात. एका ओट्याशी चार आया भाकऱ्या थापत असतात, एक गोंदियाची, एक मालदाची, एक पाटण्याची, आणि त्यांच्यातल्या कुणालाच काही समजावून सांगावं लागत नाही. "काउंट पडले" म्हटलं की पुरतं.

मदत म्हणजे नेमकं काय असतं

मोठ्या कॅन्सर रुग्णालयात मेडिकल सोशल वर्कर असतात, काही ठिकाणी समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञही. बहुतेक आईबाबा त्यांच्याकडे फक्त पैशाच्या अर्जासाठी जातात. मनाचं बोलायलाही तिथंच जायचं असतं, हे त्यांना ठाऊक नसतं. मुलांच्या कॅन्सरमध्ये मानसिक आधाराचे १५ निकष तज्ज्ञांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. त्यातला एक निकष सरळ आईबाबांबद्दल आहे: त्यांच्या मनाची अवस्था सुरुवातीलाच आणि पुढेही तपासली जावी, आणि गरज असेल तिथं त्यांना मदत मिळावी. म्हणजे "मला बोलायचंय" असं म्हणणाऱ्या आईनं कुणाकडे उपकार मागितलेले नसतात.

तपासणी कधी कधी अगदी सोपी असते. कागदावर थर्मामीटरचं चित्र, शून्य ते दहा. गेल्या आठवड्यात तुम्हाला किती त्रास झाला? चार किंवा त्याहून वर खूण केली की पुढची विचारपूस करतात. ताईनं पहिल्यांदा दोनवर खूण केली होती, कारण तिला वाटलं मुलाबद्दल विचारताहेत.

समुपदेशन म्हटलं की लोकांना वाटतं, बसून रडायचं आणि कुणीतरी पाठीवरून हात फिरवायचा. तेही लागतं. पण आयांना ज्याचा फायदा होतो असं चाचण्यांमधून दिसलं आहे, ती एक पद्धत फार व्यवहारी आहे. अमेरिकेत तयार झालेल्या या पद्धतीला ‘ब्राइट आयडियाज’ म्हणतात. साधारण आठ बैठकांत आईला एकच गोष्ट शिकवतात: डोंगराएवढी अडचण फोडून हातात मावेल एवढी कशी करायची. अडचण नेमकी सांगायची, जमतील तेवढे उपाय मांडायचे, ते तोलायचे, एक करून बघायचा, आणि जमलं का ते तपासायचं.

आमच्या सोशल वर्कर बाई या पद्धतीचं नाव घेत नव्हत्या, पण करत तेच होत्या. ताई म्हणाली, "मला काहीच जमत नाहीये." त्या म्हणाल्या, "आज सकाळपासून काय अडलं ते सांगा." ताईनं सांगितलं, तो जेवत नाही. कधी जेवत नाही? दुपारी. दुपारी काय होतं? उलटीची भावना असते, डाळीचा वास सहन होत नाही, आणि नेमका तेव्हाच बाबांचा फोन येतो की "खा म्हणावं त्याला." मग चौघांची भांडणं. झालं, अडचण सापडली. उपाय निघाले: उलटीचं औषध जेवणाच्या आधी कधी द्यायचं हे नर्सला विचारणं, जेवण चार वाजता नेणं, फोन रात्री आठला घेणं, गरम डाळीऐवजी गार दहीभात चालेल का हे डॉक्टरांना विचारणं. फोनची वेळ बदलल्यावर पहिला फरक पडला. कॅन्सर तसाच होता. पण ताई त्या संध्याकाळी म्हणाली, "एक तरी गोष्ट माझ्या हातात आली."

दुसरा मोठा आधार म्हणजे त्याच वाटेनं आधी गेलेले आईबाबा. १९५१ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीसोबत ‘उगम’ नावाचा गट आहे, लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्या तरुण मुलामुलींचा. किमो चालू असलेल्या मुलाच्या आईनं नोकरी करणारा, लग्न झालेला असा एखादा तरुण डोळ्यांनी बघावा, याची सर दहा पुस्तकांना नाही. मात्र एक सांभाळावं. प्रत्येक मुलाचा आजार वेगळा असतो. दुसऱ्याच्या मुलाचे रिपोर्ट आपल्या मुलाच्या रिपोर्टला लावून बघण्याचा मोह वॉर्डातल्या प्रत्येक आईला होतो, आणि त्यातून भीतीच हाती येते.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, अन्न जात नाही, दारू वाढली आहे, किंवा "हे सगळं संपवून टाकावं" असे विचार येताहेत, असं असेल तर शेजारणीच्या धीरानं भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञ लागतो, कधी गोळ्याही लागतात. जवळ कुणीच नसेल तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा क्रमांक आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात ती सुरू झाली. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

आपण नातेवाईक काय करू शकतो

"काही लागलं तर सांग" हे वाक्य मी स्वतः शंभरदा म्हटलं आहे. त्याचा उपयोग शून्य. काय लागतंय हे शोधून, त्यासाठी कुणाला तरी मागून घेण्याचं काम आपण त्या दमलेल्या बाईवरच टाकतो. त्याऐवजी "गुरुवारी मी दहा ते सहा वॉर्डात बसते, तू घरी जाऊन झोप" असं म्हणावं. पहिल्या वेळी ती नाही म्हणेल. तरी गुरुवारी जाऊन उभं राहावं.

सगळ्या नातेवाइकांना बातमी देण्याचं काम घरातल्या एकानं घ्यावं. दिवसातून पंधरा वेळा तीच हकिकत सांगणं म्हणजे पंधरा वेळा तोच घाव. आमच्याकडे आतेभावानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट केला, दर रविवारी चार ओळी टाकायचा, आणि खाली लिहायचा: ताईला थेट फोन करू नये.

रक्ताच्या बाटल्या आणि प्लेटलेट्स लागतात. गावाकडून फळांची करंडी पाठवण्यापेक्षा दोन धडधाकट भाचे प्लेटलेट्स द्यायला पाठवा. किमोत प्रतिकारशक्ती घसरलेली असते, तेव्हा भेटायला गर्दी करू नये, आणि सर्दी असेल तर अजिबातच जाऊ नये. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट न बघता रुग्णालय गाठायचं असतं, अगदी रात्री दोनलाही. त्यामुळे रात्री गाडी काढू शकणाऱ्या शेजाऱ्याचा फोन क्रमांक हा आईच्या झोपेसाठी फार मोठा आधार ठरतो.

आणि कृपा करून कुठल्या तरी गावचं हमखास औषध सुचवू नका. सुचवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण आईच्या मनात काटा राहतो: नेलं नाही आणि उद्या काही झालं तर? काही घरांत याच काट्यापायी चालू असलेला किमो अर्ध्यात सुटतो.

खरं कसं सांगायचं

अकराव्या दिवशी मीच सोशल वर्कर बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी ताईला बसवलं आणि विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते?" ताई म्हणाली, "तो जगण्याची इच्छा सोडून देईल." मग त्या भाच्याशी एकट्याशी बोलल्या. त्याला काही सांगितलं नाही, फक्त विचारलं: तुला काय माहीत आहे? तुला काय जाणून घ्यायचंय? कुणाच्या तोंडून ऐकायला आवडेल? तो म्हणाला, आईच्या.

संध्याकाळी तिघं बसले. ताईनं आजाराचं नाव घेतलं. भाचा म्हणाला, माहीत आहे. ती रडायला लागली, त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. आणि मग त्यानं अकरा दिवस पोटात ठेवलेला प्रश्न विचारला: "पाय कापणार ना?"

पाय कापावा लागणार नव्हता. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आधी किमो, मग गाठीचं हाड काढून तिथं धातूचा कृत्रिम सांधा, मग पुन्हा किमो. पाय वाचण्याची चांगली शक्यता आहे. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. फक्त ज्याचा पाय होता, त्याला नव्हतं. वाईट बातमीपासून त्याला वाचवताना आम्ही चांगली बातमीही त्याच्यापासून लपवून ठेवली होती.

तेव्हापासून घरात तीन गोष्टी ठरल्या. त्याच्याबद्दलचं बोलणं त्याच्यासमोर होईल. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरं मिळेल, पण न विचारलेलं त्याच्यावर लादलं जाणार नाही. आणि "मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारू" हेही उत्तर चालेल.

आता सगळ्यांत जड भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी जगात ० ते १९ वयाच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. म्हणजे काही आईबाबांना मूल जाणार हे कळूनही त्याच्याजवळ बसावं लागतं. त्यांनी मुलाशी मृत्यूबद्दल बोलावं का?

स्वीडनमध्ये कॅन्सरनं मूल गमावलेल्या आईबाबांना हाच प्रश्न विचारला गेला. तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मुलाशी मृत्यूबद्दल बोललेले १४७ जण होते. त्यातल्या एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ जणांपैकी ६९ जणांना मात्र वाटत होतं, बोलायला हवं होतं. मी हे आकडे कुणावर जबरदस्ती म्हणून लिहीत नाही. न बोललेल्यांतल्या बहुतेकांना पश्चात्ताप नव्हता, हेही त्याच अभ्यासात आहे. पण आपल्या मुलाला काहीतरी कळलं आहे असं ज्या आईला वाटत असेल, तिनं तोंड उघडायला घाबरू नये. बोलणं मोठं नसतं. "तुला कशाची काळजी वाटते?" इतकंच. मुलं बरेचदा वेगळंच विचारतात: माझी सायकल कुणाला देणार, तू एकटी राहशील का, दुखेल का.

दुखेल का, याचं उत्तर देण्यासाठी पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर असतात. त्यांचं नाव निघालं की घरचे समजतात, डॉक्टरांनी हात टेकले. वेदना, धाप, उलटी आणि भीती कमी करणारा हा विभाग उपचार चालू असतानाच मागता येतो, बरं होण्याची आशा असतानाही.

उपचार संपल्यावर

शेवटची सलाईन उतरली तेव्हा वॉर्डात पेढे वाटले. आठ दिवसांनी ताई घरी गेली आणि अंथरुणाला खिळली. सगळे म्हणाले, आता काय झालं हिला, आता तर सगळं चांगलं झालंय. असं फार आयांचं होतं. वर्षभर अंगावर चिलखत होतं. ते उतरलं तेव्हा आतल्या जखमा दिसल्या. शिवाय वॉर्ड सुटला की रोज विचारणारी नर्स सुटते, ओट्याजवळच्या आया सुटतात, आणि घरी मूल खोकलं तरी काळजात धस्स होतं. ऑस्टिओसार्कोमा परत आला तर बहुतेकदा फुप्फुसात येतो, म्हणून फॉलोअपला छातीचा फोटो किंवा स्कॅन असतो. तो आठवडा घरात कुणाच्याही घशाखाली घास उतरत नाही. म्हणून सोशल वर्करचा क्रमांक घरी परतल्यावरही जपून ठेवावा, आणि नातेवाइकांनी आपला गुरुवार लगेच बंद करू नये.

भाच्यानं दहावी एक वर्ष उशिरा दिली. आता फॉलोअपला तो डॉक्टरांकडे आधी एकटा आत जातो, पाच मिनिटांनी आईला बोलावतो. स्कॅनचा रिपोर्ट त्याच्याच मोबाइलवर येतो. मागच्या खेपेला मी सोबत होते. कँटीनमध्ये बसलो होतो, मोबाइल वाजला. त्यानं तो उचलला, बघितलं, आणि उलटा करून टेबलावर ठेवला. ताई पर्समध्ये चष्मा शोधत होती. तो सापडेपर्यंत तो थांबला.